प्रतिस्पर्ध्याने वेबसाइटवरचा मजकूर उचलला तर काय करायचं? लहान व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान व्यावसायिकांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहिणं हे आमचं काम. तो उचलला गेला की पहिला फोन आम्हालाच येतो. त्या फोनवर जे प्रश्न येतात तेच इथे घेतले आहेत. उत्तरं समजायला सोपी जावीत म्हणून बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण धरलं आहे: समजा, तुम्ही देवगडचे हापूस बागायतदार आहात, पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवता आणि तुमच्या वेबसाइटवर बागेची माहिती, फोटो आणि ‘घरी अढी कशी लावावी’ (म्हणजे आंबे पेंढ्यात रचून कसे पिकवावेत) असा एक चांगला सविस्तर लेख आहे. इथली माहिती भारतीय कायद्याच्या आधारे दिली आहे. प्रकरण कोर्टापर्यंत जाणार असेल तर मात्र वकिलाला कागद दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसऱ्या एका आंबा विक्रेत्याच्या वेबसाइटवर आमचा लेख शब्दन् शब्द दिसला. आधी काय करू?

फोन करू नका. संताप येणं साहजिक आहे, पण फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत समोरचा ते पान काढून टाकू शकतो. मग महिनाभराने तोच मजकूर थोडा बदलून परत आला तर आधी काय होतं हे दाखवायला तुमच्या हातात काही उरत नाही. आधी पुरावा, मग मालकीचे कागद आणि शेवटी बोलणं. हा क्रम उलटा झाला की चांगली बाजूसुद्धा कमकुवत होते, म्हणून त्यावर आमचा इतका जोर आहे.

पुरावा नेमका कसा जमवायचा?

समोरच्याचं पान उघडा आणि वरचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. शक्यतो मोबाइलऐवजी कॉम्प्युटरवर घ्या, म्हणजे पूर्ण पत्ता दिसतो. संपूर्ण पान पीडीएफ म्हणूनही साठवा.

नंतर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जा. तिथे कोणत्याही पानाचा पत्ता देऊन त्याची त्या क्षणाची प्रत साठवता येते, आणि ती प्रत तिसऱ्याच संस्थेकडे राहत असल्यामुळे ‘तुम्हीच फोटोत फेरफार केला’ असं म्हणायला जागा राहत नाही. समोरच्याचं पान तिथे साठवा, तुमचंही साठवा. तुमच्या पानाच्या जुन्या प्रती तिथे आधीपासून असतील तर फारच उत्तम. तुमचा लेख २०२२ साली होता आणि त्याची वेबसाइट २०२४ साली सुरू झाली, एवढं दिसलं की अर्धा वाद मिटतो.

पानाचा सोर्स कोडही (पान ज्यातून तयार होतं तो मागचा मजकूर) उघडून बघा. घाईत उचललेल्या पानात फोटोंच्या फाइलची नावं तशीच राहतात, फोटोमागचं वर्णन तसंच राहतं, कधी कधी तुमच्याच दुसऱ्या पानाकडे जाणारी लिंकही राहून जाते. कधी त्याच्या पानावरचा फोटो चक्क तुमच्या सर्व्हरवरून उघडत असतो. अशा खुणा दिसल्या की त्याही जपून ठेवा, कारण योगायोगाने शब्द जुळले हा बचाव त्यांच्यापुढे टिकत नाही.

तुमच्या बाजूचं साहित्यही एकत्र करा: लेखाचा पहिला मसुदा, लेखकाशी झालेले ईमेल, फोटोंच्या कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल. वेबसाइटवरचा फोटो कोणीही उतरवून घेतो, पण मोठ्या आकाराची मूळ फाइल ज्याने फोटो काढला त्याच्याकडेच असते.

असे स्क्रीनशॉट कोर्टात चालतात का?

चालतात, पण सोबत प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद आहे. जुन्या पुरावा कायद्यात ती कलम ६५ब मध्ये होती. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत: एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलमध्ये बदल झाला की बदलणारा तिचा ओळख-आकडा) त्यात द्यावी लागते. असं प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात स्पष्ट केलं. नुसत्या पत्रासाठी किंवा गूगलकडच्या तक्रारीसाठी याची गरज नाही. मात्र स्क्रीनशॉट कोणत्या कॉम्प्युटरवर, कोणी आणि केव्हा घेतला हे त्याच दिवशी लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

आम्ही कॉपीराइटची नोंदणी केलेली नाही. मग आमचा हक्क आहे का?

आहे. लेख लिहिला गेला, फोटो काढला गेला, त्या क्षणी कॉपीराइट अधिनियम १९५७ नुसार हक्क तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही. पानाच्या तळाशी © हे चिन्ह नसेल तरीही हक्क जात नाही.

तरीही ते चिन्ह, वर्ष आणि नाव टाकाच. कायद्याच्या कलम ५५ मध्ये एक पळवाट आहे: या मजकुरावर कोणाचा हक्क आहे याची आपल्याला कल्पना नव्हती आणि तसं वाटायला कारणही नव्हतं, असं समोरच्याने सिद्ध केलं तर त्याच्याकडून नुकसानभरपाई मिळत नाही. मनाई हुकूम आणि नफ्यातला वाटा एवढ्यावर भागवावं लागतं. तळाशी तुमचं नाव असलं आणि शिवाय तुमचं पत्र त्याला पोचलेलं असलं, की त्याला हा बचाव घेणं अवघड जातं.

मग नोंदणी करायचीच नाही का?

ज्या मजकुरावर तुमचा धंदा उभा आहे त्याची करा. नोंदवहीतली नोंद हा कलम ४८ नुसार प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, म्हणजे ती खोटी ठरवण्याचं ओझं समोरच्यावर जातं. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या वेबसाइटवरून भरता येतो. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. मजकूर किंवा चित्र मालाच्या किंवा सेवेच्या संदर्भात वापरण्याजोगं असेल तर ते २,००० रुपये होतं. अर्जाला डायरी क्रमांक (अर्जाचा नोंद क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

एक लक्षात घ्या: ‘वेबसाइट’ या नावाने एकगठ्ठा नोंदणी होत नाही. लेख वेगळा, फोटो वेगळे, व्हिडिओ वेगळा. म्हणून सगळं नोंदवत बसू नका. अढीचा लेख नोंदवा, ‘आमच्याशी संपर्क साधा’ हे पान सोडून द्या.

कशावर हक्क सांगता येतो आणि कशावर नाही?

इथे बऱ्याच जणांची निराशा होते, म्हणून आधीच नीट समजून घेतलेलं बरं.

कल्पनेवर हक्क नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं आणि आजही त्याचाच आधार घेतला जातो. भाताच्या पेंढ्यात आंबे एकावर एक रचून पिकवणं ही कोकणातली पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. तिच्यावर कोणाचीच मालकी नाही. प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या शब्दांत अढीवर लेख लिहिला तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही. पण तुमच्या आजीने शिकवलेला क्रम, देठ कसा ठेवायचा, कोणत्या दिवशी फळं हलवायची, साका (आतून खराब झालेला गर) निघाला तर गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगता, हे ज्या वाक्यांत तुम्ही लिहिलंत ती वाक्यं तुमची आहेत.

डझनाचे भाव, पिनकोडची यादी, ‘घरपोच सेवा उपलब्ध’ अशी सर्वसाधारण वाक्यं, यांवर हक्क सांगता येत नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या २००८ च्या निकालानुसार नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी सर्जनशीलता आणि स्वतःची निवड दिसावी लागते. दोघांनी वेबसाइटची एकच तयार थीम (मांडणीचा साचा) विकत घेतल्यामुळे वेबसाइट सारख्या दिसत असतील तर तो विषय सोडून द्या. पाककृतीचंही तसंच. घटक आणि प्रमाण कोणीही वापरेल, त्याभोवतीचं तुमचं लिखाण आणि फोटो मात्र तुमचे.

ग्राहकांची यादी हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाने ती सोबत नेली तर कॉपीराइटचा आधार घेता येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ साली बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या प्रकरणात कंपनीने तयार केलेल्या ग्राहकयादीला साहित्यकृती मानलं होतं.

मजकूर आम्ही पैसे देऊन लिहून घेतला. म्हणजे तो आमचाच ना?

हा सगळ्यात जास्त चुकणारा मुद्दा आहे.

तुमच्या पगारी नोकराने नोकरीचं काम म्हणून लिहिलं असेल तर वेगळा करार नसेल तोवर पहिले मालक तुम्ही. पण बाहेरच्या लेखकाला किंवा एजन्सीला काम दिलं असेल तर नुसतं बिल भरल्याने लेखाची मालकी तुमच्याकडे येत नाही. ती लिहिणाऱ्याकडेच राहते. तुम्हाला त्याच्याकडून हक्क लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. फोटोचं उलट आहे: तुमच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्रकाराने फोटो काढले असतील, तर दुसरं काही ठरलेलं नसेल तेव्हा पहिले मालक तुम्हीच.

हस्तांतराच्या कागदात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. तुमचे आंबे दुबईला जात असतील आणि कागदावर प्रदेश नसेल, तर तिथल्या नकलेविरुद्ध उभं राहताना अडचण होईल. एका पानाचा कागद आहे, आजच लिहून घ्या. जुन्या लेखांसाठीही घ्या. लेखकाशी संबंध चांगले असताना सही मिळते, नंतर त्याला शोधावं लागतं.

समोरचा आमच्याच तालुक्यातला आहे, येता-जाता भेटतो. थेट नोटीस पाठवणं बरं दिसेल का?

पुरावा जमा झाला असेल तर आधी बोला. मनापासून सांगतो, अशा बऱ्याच प्रकरणांत मालकाला खरोखरच माहीत नसतं. त्याने कोणाला तरी वेबसाइट करायला दिलेली असते, करणाऱ्याने मजकूर मागितलेला असतो, मालकाने हंगामाच्या गडबडीत दिलेला नसतो, आणि मग करणारा सगळ्यात चांगली दिसणारी वेबसाइट उघडून तिथलं उतरवून घेतो. ‘अहो दादा, तुमच्या साइटवर आमचा अढीचा लेख आणि बागेचे फोटो आलेत. बहुतेक साइट करणाऱ्याने घेतले असतील. दोन-तीन दिवसांत काढून घ्याल का?’ एवढं म्हटलं की बऱ्याच वेळा पान उतरतं आणि संबंधही टिकतात.

बोलणं झाल्यावर त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर एक ओळ पाठवा: आज बोलल्याप्रमाणे अमुक पानं काढणार आहात, धन्यवाद. ही ओळ पुढे उपयोगी पडते. समोरचा हसून टाळत असेल, ‘इंटरनेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं आहे’ असं म्हणत असेल, तर बोलणं तिथेच थांबवा आणि पत्र पाठवा.

पत्रात काय लिहायचं?

थोडक्यात आणि नेमकं. शिव्या नकोत, पोकळ धमक्याही नकोत. असा एक मसुदा वापरता येईल:

‘सप्रेम नमस्कार. आमच्या वेबसाइटवरील “घरी अढी कशी लावावी” हा लेख आणि आमच्या बागेची छायाचित्रे आपल्या वेबसाइटवर आमच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध झाल्याचे आढळले आहे. दोन्हीकडील पानांचे पत्ते, तारखा आणि प्रती सोबत जोडल्या आहेत. या मजकुराचे व छायाचित्रांचे कॉपीराइट आमच्याकडे आहे. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत सदर मजकूर आपल्या वेबसाइटवरून व समाजमाध्यमांवरून काढून टाकावा आणि तसे आम्हांस लेखी कळवावे, ही विनंती. तसे न झाल्यास कॉपीराइट अधिनियम १९५७ नुसार उपलब्ध उपाय करणे आम्हांस भाग पडेल.’

ईमेलने पाठवा आणि पोच मिळेल अशा टपालानेही पाठवा. जे तुमचं नाही त्यावर हक्क सांगू नका. कलम ६० नुसार निराधार धमकी देणाऱ्याविरुद्धच कोर्टात जाता येतं.

मुदत संपली, उत्तर नाही. आता?

तीन दारं आहेत, आणि तिन्ही एकाच दिवशी ठोठावली तरी चालतात.

पहिलं गूगल. कॉपीराइटभंगासाठी गूगलचा तक्रार अर्ज आहे, तो अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यावर आधारलेला आहे. मूळ मजकूर कुठे आहे, नक्कल कुठे आहे, प्रत्येक पानाचा पूर्ण पत्ता, आणि माहिती खरी असल्याचं निवेदन, एवढं द्यावं लागतं. तक्रार मान्य झाली तर ते पान गूगलच्या शोधात दिसेनासं होतं. पान इंटरनेटवर राहतं, पण गिऱ्हाईक शोधातूनच येणार असेल तर एवढ्यानेही बरंच काम होतं. अशा तक्रारी ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जातात, तुमचं नाव तिथे दिसू शकतं हे धरून चाला. समोरच्याने ‘मजकूर चुकून काढला गेला’ असं उलट निवेदन दिलं, तर अमेरिकी कायद्यानुसार कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत तुम्ही कोर्टात गेल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर मजकूर पुन्हा दिसू लागतो.

दुसरं दार होस्टिंग कंपनीचं, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर ती वेबसाइट ठेवलेली असते त्यांचं. डोमेनची माहिती शोधून देणाऱ्या सेवेवर नाव टाकलं की नोंदणी कुठे आहे ते कळतं. मालकाचं नाव बऱ्याचदा झाकलेलं असतं, पण कंपनीचा तक्रारीचा पत्ता दिसतो. मध्ये क्लाउडफ्लेअर (वेबसाइट आणि वाचक यांच्यामध्ये राहणारी सेवा) असेल तर खरा होस्ट दिसत नाही. तेव्हा त्यांच्याच अर्जावर तक्रार करा, ते ती पुढे पाठवतात. भारतीय कंपनी असेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. दुवे किंवा प्रवेश देण्यासाठी मजकूर तात्पुरता साठवणाऱ्या सेवांसाठी आपल्याच कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(ग) आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५ आहे: योग्य लेखी तक्रार आली की ३६ तासांत प्रवेश रोखायचा. मात्र २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर त्यांना तो पुन्हा सुरू करता येतो.

तिसरं दार फेसबुक, इन्स्टाग्राम, व्यापारी यादीच्या साइट आणि गूगल नकाशावरची व्यवसायाची नोंद. प्रत्येक ठिकाणी बौद्धिक संपदेसाठी वेगळा अर्ज असतो. ‘स्पॅम’ किंवा ‘आवडलं नाही’ अशा बटणांवर वेळ घालवू नका, थेट तो अर्ज शोधा.

एप्रिल चालू आहे. जूनमध्ये निकाल लागून काय उपयोग?

हापूसच्या व्यवसायात ही अडचण अगदी खरी आहे, वर्षाची कमाई दोन-अडीच महिन्यांत होते. म्हणूनच तपासणी फेब्रुवारीत करा, मोहोरानंतर पण पहिली पेटी निघण्याआधी. भर हंगामात नक्कल सापडली तर पत्राची मुदत सात दिवसांऐवजी दोन दिवसांची ठेवा आणि त्याच दिवशी गूगल व होस्टकडे तक्रार करा. नुकसान मोठं असेल तर वकिलाकडून अंतरिम मनाई हुकूम मागा. वाद ३ लाख रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर तो व्यावसायिक न्यायालयात जातो. तिथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, पण तातडीचा अंतरिम दिलासा हवा असेल तेव्हा ती अट लागू होत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. नक्कल करणारा तुमच्या बागेचं वर्णन लावून परराज्यातला आंबा तर विकत नाही ना? हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळासाठी आहे. दुसरीकडचा आंबा देवगडचा म्हणून विकला जात असेल तर प्रश्न तुमच्या लेखापुरता राहत नाही. तो सगळ्या बागायतदारांचा आहे आणि फसलेल्या गिऱ्हाइकांचाही. अशा वेळी एकट्याने लढू नका, मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्या संस्थांना कळवा. येवल्याची पैठणी किंवा कोल्हापुरी चप्पल विकणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

नक्कल झाल्यामुळे गूगल आमचीच वेबसाइट खाली ढकलेल का?

एकसारखा मजकूर दिसला म्हणून गूगल दंड करत नाही. ते त्यातलं एक पान मुख्य मानतं आणि बाकीची मागे ठेवतं. बहुतेक वेळा मूळ पान वर राहतं. पण तुमची वेबसाइट नवी आणि समोरची जुनी-मोठी असेल तर उलटं होऊ शकतं. त्यासाठी नवा लेख टाकला की सर्च कन्सोलमध्ये (वेबसाइट मालकांसाठी गूगलची मोफत सेवा) जाऊन तो लगेच तपासणीला द्या, पानावर कॅनॉनिकल टॅग (मूळ पान कोणतं हे गूगलला सांगणारी खूण) ठेवा, आणि लेखातल्या तुमच्याच दुसऱ्या पानांकडे जाणाऱ्या लिंक पूर्ण पत्त्याच्या द्या. कोणी पान जसंच्या तसं उचललं तर त्या लिंक तुमच्याकडेच येतात.

त्याने शब्द बदलले आहेत, किंवा एआयकडून फिरवून घेतलं आहे. किंवा आमच्या मराठी लेखाचं हिंदी केलं आहे.

भाषांतराचं उत्तर सरळ आहे: भाषांतर करण्याचा हक्कही मूळ मालकाचाच असतो, म्हणून परवानगीशिवाय केलेलं हिंदी किंवा इंग्रजी रूप हासुद्धा हक्कभंग आहे. मराठीतून उचलताना लोकांना वाटतं की कोणाला कळणार नाही. तुमच्या फोटोंचा उलटा शोध (फोटो टाकून तो आणखी कुठे आहे ते शोधणं) घेतलात तर अशी पानं सापडतात.

शब्द फिरवलेल्या मजकुराचं अवघड आहे. दोन्ही वाचून सामान्य वाचकाला एक दुसऱ्यावरून घेतलंय असं स्पष्ट वाटतं का, ही कसोटी. मुद्द्यांचा क्रम तोच, उदाहरणं तीच, तुमच्याच बागेतल्या प्रसंगाचा उल्लेख तसाच असेल तर तुमची बाजू भक्कम. नुसता विषय आणि काही वाक्यांचा सूर जुळत असेल तर पत्र पाठवा, पण कोर्टाचा खर्च करू नका असंच आम्ही सांगतो.

आमचं नाव, लोगो आणि ग्राहकांचे अभिप्रायही त्याने लावले आहेत.

नाव आणि लोगो हा ट्रेडमार्कचा विषय. १९९९ च्या कायद्यानुसार नोंदणी नसली तरी आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याविरुद्ध दावा करता येतो, पण मग तुमच्या नावाची ओळख बाजारात आहे हे बिलं, जाहिराती, जुने व्यवहार दाखवून सिद्ध करावं लागतं. नोंदणी असेल तर ते काम फार सोपं होतं. व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. लघुउद्योग असल्याचं दाखवायला उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जवळ ठेवा.

तुमच्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय स्वतःचे म्हणून लावणं ही ग्राहकांची फसवणूक आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार होते. ज्या गिऱ्हाइकाचं नाव वापरलं गेलं त्यालाही कळवा. त्याचं म्हणणं फार वजनदार ठरतं.

पोलिसांत जावं का?

जाता येतं. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात म्हटलं. पण एका लेखासाठी गावातल्या माणसावर गुन्हा दाखल करणं हा आमचा पहिला सल्ला कधीच नसतो. सगळी वेबसाइट, नाव, फोटो घेऊन कोणी तुमच्या नावाने आगाऊ पैसे उकळत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. तेव्हा सायबर पोलिसांकडे आणि १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

दिवाणी दावा कुठे करायचा?

कॉपीराइटमध्ये लहान व्यावसायिकाला एक मोठी सवलत आहे: कलम ६२ मुळे तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो. समोरचा दिल्लीत असला तरी तुम्हाला दिल्लीला जावं लागत नाही. नुकसानभरपाईसाठी मुदत हक्कभंगापासून ३ वर्षं. वकिलाची फी आणि प्रत्यक्ष नुकसान यांचा हिशेब आधी कागदावर मांडा. बऱ्याच वेळा वकिलाच्या नोटिशीवरच प्रकरण संपतं.

त्याला फेसबुकवर उघडं पाडलं तर?

नको. ‘चोर’ असा शब्द लिहून त्याचं नाव टाकलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते, आणि मूळ हक्काचा प्रश्न बाजूला पडतो. गिऱ्हाइकांचा गोंधळ होत असेल तर एवढंच लिहा: आमची वेबसाइट ही, आमचा नंबर हा, आमची दुसरी शाखा नाही.

उजवं क्लिक बंद केलं तर चोरी थांबेल का?

नाही. ज्याला घ्यायचं आहे तो घेतोच, आणि गिऱ्हाइकाला मात्र तुमचा पत्ता किंवा नंबर कॉपी करता येत नाही. त्यापेक्षा फोटो मध्यम आकाराचे टाका, बागेचं नाव फोटोच्या मधल्या भागात हलक्या अक्षरांत ठेवा, आणि तुमच्या सर्व्हरवरून दुसऱ्या साइटला फोटो उघडू न देण्याची सोय होस्टिंगमध्ये चालू करा.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो मजकूर तुमचाच आहे हे प्रत्येक परिच्छेदात दिसण्याचा. ‘उत्कृष्ट दर्जाचे आंबे वाजवी दरात’ हे कोणालाही चालतं म्हणून कोणीही उचलतं. तुमच्या वाडीचं नाव, बागेतली सगळ्यात जुनी कलमं, फळं उतरवणारी माणसं, यंदाचा मोहोर कधी आला, हे लिहिलंत तर दुसऱ्याला ते स्वतःच्या नावाने लावणं कठीण जातं. वाचणाऱ्या गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं.

लक्ष कसं ठेवायचं?

तुमच्या मुख्य लेखांतली आठ-दहा शब्दांची वेगळी वाटणारी वाक्यं निवडा आणि अवतरणचिन्हांत घालून दोन-तीन महिन्यांनी शोधा. मराठीत एक काळजी घ्या: ‘ऱ्या’ सारखी अक्षरं कॉम्प्युटरवर दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतात आणि शोधात जुळतीलच असं नाही, म्हणून ती नसलेलं वाक्य निवडा. व्यवसायाच्या नावाचा गूगल अलर्ट (ते नाव नव्याने कुठे दिसलं की ईमेल येतो) लावून ठेवा.

आणि आमच्याच वेबसाइटवर कोणाचं उचललेलं निघालं तर?

तक्रार करण्याआधी हे तपासाच, कारण तुमचं पत्र मिळताच समोरचा पहिल्यांदा हेच बघणार. वरची शोधाची पद्धत स्वतःच्या प्रत्येक पानावर चालवा. वेबसाइट करून देणाऱ्याला फोटो कुठून आणले ते विचारा, विकत घेतले असतील तर परवान्याची प्रत मागा. गूगलवर शोधून मिळालेला फोटो फुकट नसतो. दुसऱ्याचं काही सापडलं तर ते लगेच उतरवा, मूळ मालकाला स्वतःहून कळवा, आणि त्या जागी तुमच्या बागेत जाऊन काढलेला फोटो लावा.